कार्लटन–कॉलिंगवूड सामन्याची वाट कशी पाहावी

ऑस्ट्रेलियन रूल्स फुटबॉलचा मोसम मार्चमध्ये सुरू होतो आणि सप्टेंबरच्या अखेरीस अंतिम सामन्याने संपतो. या सहा-सात महिन्यांत एएफएलमधला, म्हणजे ऑस्ट्रेलियन फुटबॉल लीगमधला, प्रत्येक संघ वीसहून अधिक साखळी सामने खेळतो, त्यामुळे एखादा सामना चुकला म्हणून फारसे बिघडत नाही. परंतु कार्लटन आणि कॉलिंगवूड समोरासमोर येणार असतील, तर दोन्हीकडचे पाठीराखे वेळापत्रक जाहीर झाल्याबरोबर ती तारीख राखून ठेवतात, आणि नेमक्या त्याच दिवशी घरचे कार्य काढणाऱ्या नातेवाइकांविषयी त्यांचे मत पुढे बरेच दिवस चांगले नसते. मेलबर्नमध्ये नव्याने राहायला आलेल्या किंवा हा खेळ नुकताच पाहू लागलेल्या वाचकाने या सामन्याची तयारी कशी करावी, याचा विचार येथे केला आहे. माझे मत सुरुवातीलाच नोंदवतो: आपल्या संघाची माहिती सगळेच ठेवतात, पण या सामन्याला रंगत येते ती प्रतिस्पर्ध्याच्या अभ्यासाने, म्हणून तयारीतला निम्म्याहून अधिक वेळ समोरच्या संघाला द्यावा.

आधी भांडण समजून घ्यावे

कार्लटन आणि कॉलिंगवूड ही मेलबर्नच्या मध्यवर्ती भागाला अगदी लागून असलेली दोन उपनगरे असून त्यांच्या मध्ये फिट्झरॉय एवढेच काय ते आडवे येते. कार्लटन क्लब १८६४ सालचा आणि कॉलिंगवूड १८९२ सालचा. १८९७ मध्ये व्हिक्टोरियन फुटबॉल लीगचा पहिला मोसम खेळला गेला, तेव्हा तिच्या आठ संस्थापक क्लबांत हे दोघेही होते. याच लीगचे नाव १९९० पासून एएफएल झाले. कॉलिंगवूड ही कारखान्यांची आणि कामगारांची वस्ती होती, आणि १९२७ ते १९३० अशी सलग चार विजेतेपदे मिळवणारा तिथला संघ हा त्या वस्तीचा सर्वात मोठा अभिमान होता. कार्लटनची प्रतिमा मात्र पैसा आणि वजन असलेल्या लोकांचा क्लब अशी होत गेली. पंतप्रधान रॉबर्ट मेंझीस हे कार्लटनचे निस्सीम पाठीराखे होते, हे कॉलिंगवूडची जुनी माणसे अजूनही आरोप केल्याच्या सुरात सांगतात. आज या दोन्ही उपनगरांत कामगाराला घर घेणे परवडणार नाही आणि दोन्ही क्लबांचे बहुतेक पाठीराखे दूरच्या वस्त्यांत राहतात, पण जुनी प्रतिमा उपयोगाची असल्यामुळे कोणीही ती सोडायला तयार नाही.

या वैराचा खरा मजकूर मैदानावर लिहिला गेला. दोन्ही संघ अंतिम सामन्यात सहा वेळा भेटले आणि त्यांपैकी १९१० चा एक वगळता १९१५, १९३८, १९७०, १९७९ आणि १९८१ हे पाचही सामने कार्लटनने जिंकले. यांतल्या दोन सामन्यांची माहिती नसेल, तर भोवतालचे निम्मे बोलणे डोक्यावरून जाईल, म्हणून ते दोन सामने सविस्तर समजून घ्यावेत.

पहिला १९७० चा. मेलबर्न क्रिकेट ग्राउंडवर, म्हणजे एमसीजीवर, त्या दिवशी १,२१,६९६ प्रेक्षक होते आणि या खेळातला तो उच्चांक अद्याप मोडलेला नाही. मध्यंतराला कॉलिंगवूड ४४ गुणांनी पुढे होते. कार्लटनचे प्रशिक्षक रॉन बॅरासी यांनी मध्यंतरात खेळाडूंना चेंडू हाताने देत झपाट्याने पुढे सरकायला सांगितले, राखीव बाकावरून टेड हॉपकिन्स याला मैदानात उतरवले, आणि हॉपकिन्सने चार गोल केले. कार्लटनने सामना १० गुणांनी जिंकला. याच सामन्यात पूर्वार्ध संपत आला असताना अ‍ॅलेक्स जेझाउलेंको याने कॉलिंगवूडच्या ग्रॅम जेंकिनच्या खांद्यांवरून उंच उडी घेऊन जो झेल घेतला, तो या खेळातला सर्वात प्रसिद्ध झेल मानला जातो. जेंकिन बिचारा तेव्हापासून त्या छायाचित्राच्या खालच्या अर्ध्या भागात अडकून पडला आहे.

अंतिम गुणसंख्या कार्लटन १७.९ (१११), कॉलिंगवूड १४.१७ (१०१) अशी लिहिली जाते, आणि ती वाचता येणे ही पाठीराख्याची पहिली पात्रता होय. दोन्ही टोकांना प्रत्येकी चार खांब असतात. मधल्या दोन उंच खांबांमधून आक्रमक खेळाडूच्या पायाने मारलेला चेंडू कोणाचाही स्पर्श न होता गेला, तर तो गोल आणि त्याचे सहा गुण. बाजूच्या खांबांमधून गेला, उंच खांबाला लागला किंवा वाटेत कोणाचा हात लागला, तर तो बिहाइंड आणि त्याचा एक गुण. म्हणजे त्या दिवशी कार्लटनने १७ गोल आणि ९ बिहाइंड केले, कॉलिंगवूडने १४ गोल आणि १७ बिहाइंड. कॉलिंगवूडचे प्रयत्न ३१ आणि कार्लटनचे २६. अधिक वेळा खांबांपर्यंत पोहोचलेला संघ हरला. कॉलिंगवूडच्या वाट्याला आलेले दुःख या दोन आकड्यांत पुरते मावते, आणि यापुढे कोणताही गुणफलक पाहताना आधी टिंबाच्या उजवीकडे पाहण्याची सवय ठेवावी, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे.

दुसरा सामना १९७९ चा. शेवटच्या क्वार्टरमध्ये, म्हणजे सामन्याच्या चार भागांपैकी अखेरच्या भागात, कार्लटनच्या वेन हार्म्सने स्वतःच मारलेल्या चेंडूचा सीमारेषेपर्यंत पाठलाग केला, अंग झोकून देऊन मुठीने तो गोलसमोर परत ढकलला, आणि केन शेल्डनने त्याचा गोल केला. कार्लटन पाच गुणांनी जिंकले. चेंडू सीमारेषेबाहेर गेला होता की नाही, हा वाद आजतागायत मिटलेला नाही. कॉलिंगवूडच्या माणसासमोर हार्म्सचे नाव काढायचे असेल, तर पुढचा अर्धा तास मोकळा ठेवून मगच काढावे.

कार्लटनच्या बाजूलाही अलीकडची एक जखम आहे. २०२२ च्या शेवटच्या साखळी फेरीत कॉलिंगवूडने कार्लटनला ७५ विरुद्ध ७४ असे एका गुणाने हरवले, जेमी एलियटच्या गोलने निकाल फिरला, आणि बाद फेरीच्या उंबरठ्यावर उभा असलेला कार्लटनचा संघ नवव्या स्थानावर फेकला गेला. त्या दिवशी कार्लटनचे १० गोल आणि १४ बिहाइंड होते, कॉलिंगवूडचे ११ गोल आणि ९ बिहाइंड; टिंबाची उजवी बाजू या वेळी दुसऱ्या घरी रडली. पुढच्याच वर्षी दोन्ही संघ उपान्त्य टप्प्यापर्यंत आले, कॉलिंगवूडने ग्रेटर वेस्टर्न सिडनीला एका गुणाने हरवले, कार्लटन ब्रिस्बेनकडून हरले, आणि सातव्यांदा अंतिम सामन्यात भेटण्याची संधी हुकली. कॉलिंगवूडने ब्रिस्बेनला चार गुणांनी हरवून आपले सोळावे विजेतेपद मिळवले. कार्लटनचीही विजेतेपदे सोळाच आहेत, फक्त त्यांतले शेवटचे १९९५ चे आहे. हे वाक्य कॉलिंगवूडचा पाठीराखा कधी उच्चारील, हे सांगता येत नाही, पण तो ते उच्चारणार हे नक्की.

सामन्याच्या आठवड्यातली कामे

तयारीला सोमवारी सुरुवात करावी, कारण मागच्या फेरीत घडलेल्या धसमुसळ्या प्रसंगांची छाननी साधारणतः तेव्हापर्यंत झालेली असते आणि कोणत्या खेळाडूवर एका किंवा अधिक सामन्यांची बंदी आली, हे कळते. क्लबाला ती मान्य नसेल, तर प्रकरण न्यायाधिकरणापुढे जाते. पाठोपाठ दुखापतींच्या याद्या येतात. त्या वाचताना एक नियम लक्षात ठेवावा: डोक्याला मार लागून मेंदूला धक्का बसल्याचे निदान झालेल्या खेळाडूला किमान १२ दिवस खेळता येत नाही, म्हणून तो पुढच्या आठवड्याचा सामना सहसा गमावतो. मांडीचा स्नायू दुखावला आहे असे लिहिलेले असेल, तर मात्र ‘बघू, सरावात कसा धावतो’ या उत्तरापलीकडे गुरुवारपर्यंत काही हाती लागत नाही, आणि प्रशिक्षकांच्या चेहऱ्यावरून अर्थ काढण्यात वेळ घालवू नये. त्या आठवड्यात खरे सांगणे हे त्यांच्या कामात बसत नाही.

दोन सामन्यांमधल्या विश्रांतीचे दिवसही मोजावेत. एक संघ पर्थला जाऊन सहा दिवसांत परत खेळत असेल आणि दुसरा आठ दिवस घरी असेल, तर तो फरक पहिल्या क्वार्टरमध्ये जाणवत नाही, शेवटच्या क्वार्टरमध्ये जाणवतो. या खेळात क्वार्टर नावापुरताच २० मिनिटांचा असतो. चेंडू थांबलेला वेळ त्यात मिळवला जातो आणि प्रत्यक्षात घड्याळ तिशीच्या जवळ पोहोचते, तेवढा वेळ मधल्या फळीतली माणसे अखंड पळत असतात.

संघ साधारणतः गुरुवारी संध्याकाळी जाहीर होतात. सामना रविवारी असेल, तर अंतिम यादीला आणखी एक दिवस लागतो. यादीत २३ नावे असतात, त्यांतले १८ जण एका वेळी मैदानावर असतात. नवखा पाठीराखा आपल्या संघात कोण आले आणि कोण गेले एवढेच पाहून थांबतो. त्याऐवजी दोन्ही याद्या शेजारी ठेवून जोड्या लावून पाहाव्यात. त्यांचा सर्वात उंच आक्रमक कोणाच्या वाट्याला येणार? मध्यभागी चेंडू वर उडवला जाईल तेव्हा आपल्या रकमनसमोर, म्हणजे तो चेंडू उडी मारून आपल्या माणसांकडे ढकलणाऱ्या उंच खेळाडूसमोर, कोण उडी मारणार, आणि त्याच्या पायाशी चेंडू टिपायला कोण असणार? कार्लटनचा पॅट्रिक क्रिप्स, ज्याला २०२२ आणि २०२४ मध्ये ब्राउनलो पदक, म्हणजे मोसमातल्या सर्वोत्तम खेळाडूचा मान, मिळाले, तो घोळक्यात शिरून चेंडू उपसून काढणारा माणूस आहे; कॉलिंगवूडचा निक डेकोस हा मोकळी जागा शोधून चेंडू पुढे नेणारा. अशा दोन प्रकारच्या खेळाडूंपैकी कोणामागे सावलीसारखा पहारेकरी लावायचा, की पहारा न लावता आपला खेळ खेळायचा, हा प्रश्न दोन्ही प्रशिक्षकांपुढे असतो आणि तुम्हीही त्यावर गुरुवारी रात्रीच आपले मत ठरवून टाकावे, म्हणजे सामन्याच्या दिवशी पहिल्या पाच मिनिटांत ते बरोबर निघाले की नाही, हे तपासता येते.

यादी वाचताना आडनावांकडेही लक्ष जाऊ द्यावे. ज्याचा बाप एखाद्या क्लबासाठी १०० सामने खेळला आहे, त्या मुलाला घेण्यात त्या क्लबाला प्राधान्य मिळते, असा या लीगचा नियम आहे. निक आणि जॉश या डेकोस बंधूंचे वडील पीटर हे कॉलिंगवूडचे विलक्षण गोल करणारे खेळाडू होते. कार्लटनकडून सर्जिओ, स्टीफन आणि जॅक अशा सिल्व्हानी घराण्याच्या तीन पिढ्या खेळल्या. त्यामुळे स्टँडमध्ये शेजारी बसलेले आजोबा एखाद्या विशीतल्या पोराला त्याच्या बापाच्या चुकीबद्दल दूषणे देताना आढळले, तर आश्चर्य वाटू देऊ नये.

शुक्रवारपर्यंत आपले भाकीत नोंदवावे. कार्यालयांत, शाळांत आणि कुटुंबांत टिपिंगच्या स्पर्धा चालतात. प्रत्येक फेरीतल्या सगळ्या सामन्यांचे विजेते ओळखायचे आणि बरोबरी सुटावी म्हणून एका सामन्याच्या विजयाचे अंतरही सांगायचे, अशी रीत असते. ‘या सामन्यात फॉर्मला किंमत नसते’ हे वाक्य तुम्हाला आठवडाभर ऐकू येईल. ते अर्धेच खरे आहे. गुणतक्त्यात फार खाली असलेला संघ या दिवशी चवताळून खेळतो, हे अनेकदा दिसते. परंतु चवताळणे साधारण मध्यंतरापर्यंत पुरते, त्यानंतर पाय बोलू लागतात. भाकीत करताना मागच्या तीन-चार सामन्यांत दोन्ही संघ प्रतिस्पर्ध्याच्या गोलपासून ५० मीटरवर आखलेल्या कमानीच्या आत किती वेळा चेंडू नेत होते आणि त्यातून किती गोल काढत होते, हे पाहावे. विजयाला चार गुण आणि बरोबरीला दोन गुण मिळतात, हे ठीक. पण गुण समान असतील तर क्रम ठरतो तो पर्सेंटेजवर, म्हणजे केलेल्या गुणांना खाल्लेल्या गुणांनी भागून शंभराने गुणल्यावर येणाऱ्या संख्येवर. २०२२ मध्ये वेस्टर्न बुलडॉग्जचे आणि कार्लटनचे विजय सारखेच होते आणि कार्लटन याच आकड्याने मागे पडले. म्हणून निकाल लागल्यासारखा वाटला, तरी शेवटच्या दहा मिनिटांतले गोलही मोजत राहावे.

तिकीट आणि जागा

हा सामना एमसीजीवर होतो, पण कागदोपत्री तो दोघांपैकी एकाचा घरचा सामना असतो, आणि राखीव जागांचा मोठा वाटा त्या क्लबाच्या सदस्यांकडे जातो. म्हणून प्रथम घरचा संघ कोणता, हे वेळापत्रकात पाहून मगच तिकिटाच्या मागे लागावे, आणि सर्वसाधारण विक्री सुरू होण्याची वेळ नोंदवून ठेवावी, कारण या सामन्याला लाखभर क्षमतेचे मैदानही अपुरे वाटू शकते. मैदानावर घरचा संघ कोणता हे ओळखण्याची सोपी खूण म्हणजे चड्ड्या: परंपरेने घरचा संघ गडद रंगाच्या आणि पाहुणा संघ पांढऱ्या चड्ड्या घालतो. कॉलिंगवूडचा सदरा काळ्यापांढऱ्या उभ्या पट्ट्यांचा आणि कार्लटनचा गडद निळा, छातीवर गुंफलेल्या अक्षरांचा.

जागा निवडताना नवख्याला पुढच्या रांगांचा मोह होतो. तो आवरावा. हे मैदान लंबवर्तुळाकार असून त्याची लांबी साधारण १६० मीटर आहे, या खेळात ऑफसाइड नाही, आणि खेळाडू कोठेही धावू शकतात. त्यामुळे खालून पाहणाऱ्याला फक्त चेंडूभोवतीचा घोळका दिसतो, तर वरच्या मजल्यावरून चेंडू पोहोचण्याआधीच मोकळी पडलेली जागा दिसते. पहिल्या सामन्याला मैदानाच्या बाजूच्या, शक्य तितक्या वरच्या रांगेत बसावे. गोलच्या मागे बसण्यात वेगळी मजा आहे, कारण पंच दोन्ही हातांनी दोन बोटे दाखवून गोल जाहीर करतो आणि मग दोन झेंडे हलवतो, बिहाइंडला एकच झेंडा हलवतो, हे सगळे हाताच्या अंतरावर दिसते. पण दूरच्या टोकाला काय चालले आहे, हे तिथून पडद्यावर पाहूनच कळते. ती जागा दुसऱ्या-तिसऱ्या खेपेसाठी ठेवावी.

सामन्याच्या दिवशी

कपड्यांच्या बाबतीत एवढेच सांगतो की, मेलबर्नच्या हिवाळ्यात रात्रीच्या सामन्याला तापमान दहा अंशांच्या आसपास येते आणि वरच्या मजल्यावर वारा असतो. संघाचा मफलर शोभेसाठी नसून गरजेसाठी असतो. खाण्याचे म्हणाल तर सॉस घातलेली मीट पाय ही तिथली रीत आहे, चिप्स सर्वांना चालतात, आणि घरून डबाही नेता येतो. काचेच्या बाटल्या, कॅन आणि मद्य मात्र प्रवेशद्वारावर अडवले जाते.

एक तास आधी पोहोचावे, आणि त्याला तीन कारणे आहेत. पहिले, अखेरच्या क्षणी होणारा बदल साधारण याच सुमारास कळतो, आणि गुरुवारी लावलेली जोडी त्यामुळे विस्कटू शकते. दुसरे, सराव करताना गोलवर मारणारे खेळाडू कोणत्या बाजूने मारताना चाचरतात, हे पाहता येते. चेंडूही नीट पाहून घ्यावा: दोन्ही टोकांना निमुळता, दिवसाच्या सामन्यात लाल आणि रात्री दिव्यांखाली पिवळा. टोकावर पडला की तो कोणत्या दिशेला उसळेल, याचा नेम नसतो, म्हणूनच चांगला खेळाडू तो जमिनीवर टेकण्याआधीच उचलण्याची धडपड करतो. तिसरे कारण म्हणजे बॅनर. प्रत्येक क्लबाचे कट्टर पाठीराखे आठवडाभर खपून क्रेप कागदाचा एक अवाढव्य फलक तयार करतात. त्यावर प्रतिस्पर्ध्याला टोमणा मारणाऱ्या ओळी असतात, दोऱ्या ओढून तो मैदानावर उभा केला जातो, वाऱ्याने तो फाटू नये म्हणून पाच-दहा मिनिटे वीस-पंचवीस माणसांची जी ओढाताण चालते ती पाहण्यासारखी असते, आणि मग संघाचे खेळाडू धावत येऊन त्याच्या चिंध्या करून मैदानात शिरतात. उशिरा येणाऱ्याला फक्त कागदाचे तुकडे गोळा करणारे स्वयंसेवक दिसतात.

खेळ सुरू झाल्यावर आरोळ्यांत सामील होण्याआधी दोन नियम पक्के असावेत. एखाद्याने मारलेला चेंडू १५ मीटर तरी गेला आणि तो वरच्या वर झेलला, तर तो मार्क होतो, आणि झेलणाऱ्याला अडथळ्याशिवाय पुढची किक मिळते. दुसरा नियम चेंडू अडवून धरण्याचा: ज्याला चेंडू देऊन टाकण्याची संधी मिळाली होती, अशा खेळाडूला खांद्यांच्या खाली आणि गुडघ्यांच्या वर पकडले, तर त्याने तो लगेच पायाने मारला पाहिजे किंवा मुठीने ठोसून दिला पाहिजे; फेकलेला चालत नाही. न जमल्यास समोरच्याला फ्री किक. नेमक्या याच क्षणी हजारो लोक एका श्वासात ‘बॉल!’ असे ओरडतात, आणि आपल्या माणसाने पकडले असेल तर नियम काय सांगतो याचा विचार न करताच ओरडतात. पंच सहसा त्यांचे ऐकत नाहीत, पण ओरडण्याचा हक्क तिकिटात समाविष्ट असल्यासारखा सगळे तो बजावतात. सुरुवातीला अर्धा क्षण थांबून मग ओरडावे. शेजारच्या जाणत्यांना वाटेल की तुम्हाला नियम कळला.

शेजारचा जाणता प्रतिस्पर्धी संघाचाही असू शकतो. येथे दोन्ही बाजूंच्या पाठीराख्यांना वेगवेगळ्या कुंपणांत बसवत नाहीत, एकाच रांगेत निळा आणि काळापांढरा मफलर शेजारी असतो, आणि एकाच घरातली माणसे दोन रंगांत येतात. म्हणून चिडवण्याची मर्यादा ठाऊक असावी. खेळ, इतिहास, चुकलेली किक, पंचांची दृष्टी हे सगळे विषय खुले आहेत. वंश, वर्ण, धर्म यांवरून बोललेला एक शब्दही खपवून घेतला जात नाही, आणि त्यामागे लाजिरवाणा इतिहास आहे: १९९३ मध्ये कॉलिंगवूडच्या व्हिक्टोरिया पार्क मैदानावर प्रेक्षकांनी दिवसभर वंशवाचक शिव्या दिल्यानंतर सेंट किल्डाचा आदिवासी खेळाडू निकी विनमार याने सामना जिंकून सदरा वर उचलला आणि आपल्या कातडीकडे बोट दाखवले. १९९५ मध्ये लीगने वंशद्वेषी वागणुकीविरुद्ध नियम केला. शेजारी कोणी ती मर्यादा ओलांडली, तर स्वतः हुज्जत घालत बसू नये, मैदानावरच्या कर्मचाऱ्याला सांगावे. हटकून बाहेर काढण्याचा अधिकार त्यांना आहे.

मध्यंतराच्या २० मिनिटांत खाण्यापिण्याच्या रांगेत उभे राहण्यापेक्षा गुणफलक वहीत उतरवावा. पहिल्या आणि तिसऱ्या क्वार्टरनंतर मात्र जागेवरून हलू नये, कारण तेव्हा संघ ड्रेसिंग रूममध्ये न जाता मैदानावरच प्रशिक्षकाभोवती जमतात, आणि वरून पाहणाऱ्याला कोण गुडघ्यांवर हात टेकून वाकला आहे, कोणाच्या पोटरीवर पट्टी बांधली जात आहे आणि कोण पाणी पिऊन लगेच ताठ उभा आहे, हे स्पष्ट दिसते. शेवटच्या क्वार्टरचे भाकीत करण्यासाठी यापेक्षा विश्वसनीय माहिती कोणत्याही पडद्यावर मिळत नाही.

सायरननंतर

खेळ संपल्याचा सायरन वाजण्याआधी मार्क किंवा फ्री किक मिळाली असेल, तर ती किक सायरननंतरही मारता येते. म्हणून अंतर सहा गुणांचे किंवा त्याहून कमी असेल, तर सायरन ऐकून आनंदाने उठू नये, आधी पंचाकडे पाहावे. निकाल पक्का झाला की जिंकलेल्या क्लबाचे गीत मैदानभर वाजते. जिंकणाऱ्यांनी ते संपेपर्यंत थांबावे, हरणाऱ्यांनी ते सुरू होण्यापूर्वी जिना गाठावा, अशी सर्वमान्य रीत आहे, आणि तिच्यात कोणी कमीपणा मानत नाही.

परतीसाठी रिचमंड स्थानक सर्वांना जवळचे वाटते, कारण शहराच्या पूर्वेकडे आणि आग्नेयेकडे जाणाऱ्या बहुतेक गाड्या तिथून जातात. त्यामुळे गर्दीही तिथेच सर्वाधिक होते. हर्स्टब्रिज किंवा मर्नंडा मार्गावर राहणाऱ्यांनी मैदानाच्या दुसऱ्या अंगाचे जोलिमोंट स्थानक गाठावे. शहराच्या मध्यभागी जायचे असेल, तर गाडीच्या नादी न लागता विल्यम बराक पुलावरून चालत जाणे उत्तम. त्या वाटेने दोन्ही रंगांचे लोक एकत्र चालतात आणि क्वार्टरगणिक सामना पुन्हा खेळला जातो. हरलेल्या रात्री तो रस्ता लांब वाटतो, तेव्हा वीस मिनिटे जागेवर बसून स्टँड रिकामे होऊ द्यावेत आणि मग रिचमंडची गाडी धरावी.